भेंडीचा रस आणि गुळाचा रंग

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील एखाद्या दुकानात सुगंधी दुधाची पेटी हाती घेतली, तर तीवरील घटकद्रव्यांत कधी कधी ४१८ हा क्रमांक आढळतो. हा जेलन गोंद होय. त्याच दुकानात गुळाची ढेपही असते. तिच्यावर कोणताच क्रमांक नसतो. गिऱ्हाईक केवळ रंग पाहून ती निवडते. या दोन पदार्थांचे नाते ग्रामसेवकांनी व गुऱ्हाळमालकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जेलन हा झाडाचा डिंक नव्हे. एलोडिया नावाच्या पाणवनस्पतीवर आढळलेल्या जिवाणूपासून तो १९७८ साली अमेरिकेत प्रथम मिळविण्यात आला. या जिवाणूस साखरेचे खाद्य दिले असता तो हे चिकटद्रव्य निर्माण करतो. उष्ण पाण्यात विरघळलेला जेलन थंड होताना, विशेषतः चुन्यातील कॅल्शियमच्या सान्निध्यात, घट्ट जाळे धरतो. शेकडा एक भागाहूनही पुष्कळ कमी प्रमाणात तो दुधातील कोकोची पूड तळाशी बसू देत नाही. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत अगरऐवजी तो वापरतात. माध्यम काचेसारखे स्वच्छ राहत असल्याने बुरशीचा शिरकाव लवकर दृष्टीस पडतो.

भेंडीच्या खोडातील व मुळांतील चिकटद्रव्यही याच कुळातले, शर्करांच्या लांब साखळ्यांचे. परंतु त्याचे काम नेमके उलट आहे. काहिलीत रस तापू लागला, की हे चिकटद्रव्य रसातील बारीक गाळास आपल्यात गुंतवून मळीच्या रूपाने वर आणते. जेलन गाळास अधांतरी धरून ठेवील. भेंडी त्यास बाहेर काढते. म्हणून शहरातून आलेला नवा गोंद रसात टाकून पाहण्याचा मोह कोणी धरू नये. रसाचा आंबटपणा मारण्यासाठी चुन्याची निवळी घातलेली असतेच. तेथे जेलन गाळ धरून बसण्याचाच संभव अधिक.

खरा धोका मात्र जेलनचा नाही, हायड्रॉसचा आहे. सोडियम हायड्रोसल्फाइटची ही पूड रसाचा रंग उडविते आणि गूळ पिवळाधमक दिसतो. मळी त्यामुळे निघत नाही. ती केवळ झाकली जाते. साठवणीत गूळ पुन्हा काळवंडतो, आणि मागे राहिलेला गंधकाचा अंश दम्याच्या रोग्यास बाधक ठरू शकतो. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या नावाला हा मान मिळाला, ते नाव पुडीवर टिकणार नाही.

तथापि सर्व दोष गुळव्याच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. सौद्यात पिवळ्या गुळास चढा भाव आणि स्वच्छ पण तांबूस गुळास उतरता भाव, असे चालू राहील तोवर नुसत्या उपदेशाने काय साधणार? रसायनाविना केलेल्या गुळाचा सौदा वेगळा व्हावा, आणि पेठेतील गिऱ्हाइकानेही ढेप फोडून, चाखून, वास घेऊन पाहावी. पिवळेपणा हा गुळाचा गुण आहे, ही समजूत आधी घरातून गेली पाहिजे.

शेतकरी बंधूंना यासाठी खर्च थोडा आहे. विहिरीच्या कडेला भेंडीच्या चार ओळी श्रावणात टोकाव्यात. भाजी तोडून झाल्यावर खोडे वाळू देऊ नयेत. हिरवी असतानाच मुळांसकट उपटून, धुऊन, ठेचून पाण्यात भिजत घालावीत व हाताने चोळून रस गाळून घ्यावा. हा रस काहिलीत उकळी फुटण्यापूर्वी घालावा. उसाचा रस एकदा खळखळू लागला, की वर आलेली मळी पुन्हा आत मिसळते आणि सारी मेहनत वाया जाते. मळी काढणारा मनुष्य त्या वेळी काहिलीजवळून हलता कामा नये.