संकेतस्थळ आपले, पण चावी कोणाच्या खिशात?

वर्डप्रेस घ्यायचे, जूमला घ्यायचे, द्रुपल घ्यायचे की फुकटात काम भागवायचे? कुरकुंभच्या आमच्या बैठकीत या एका प्रश्नावर दोन तास गेले. एमआयडीसीतली पाळी संपवून आलेले कंत्राटी कामगार होते, दौंडला कॉलेज करणारी मुले-मुली होती. प्रत्येकाला कोणीतरी काहीतरी सांगितले होते. कोणी म्हणे अमुक सोपे, कोणी म्हणे तमुक दिसायला छान. पण मूळ प्रश्न कोणीच विचारत नव्हते: उद्या बनवणारा निघून गेला, तर आपल्या हातात काय उरेल?

हा प्रश्न आम्हाला अनुभवाने शिकवला. काही वर्षांपूर्वी आम्ही एक संकेतस्थळ काढले होते. डोमेन बनवणाऱ्याच्या नावावर, होस्टिंग त्याच्या खात्यात, पासवर्डही त्याच्याकडेच. त्याने धंदा बंद केला, फोन उचलणे सोडले, डोमेनची मुदत संपली. परिसरातल्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मुलाखती त्यावर होत्या. त्या गेल्या. त्यातले काही जण आज हयात नाहीत. दोष एकट्या त्याचा नाही. आम्ही एक प्रतसुद्धा आमच्याजवळ ठेवली नव्हती.

ज्यांच्या हातात छापखाना, त्यांच्याच हातात शब्द, हे बाबासाहेबांना आपल्या आधी शंभर वर्षे कळले होते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने घेतली नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांच्या भाषणातला मजकूर बदलायला सांगितला. त्यांनी नकार दिला. सभा रद्द झाली. मग त्यांनी तेच भाषण स्वखर्चाने छापले, १५०० प्रती काढल्या. मंच दुसऱ्याचा असेल तर अटीही दुसऱ्याच्या, हा त्यातला धडा आहे. आजच्या काळात मंच म्हणजे सर्व्हर आणि डोमेन.

"फेसबुक पेज आहे की, संकेतस्थळ कशाला?" असे आपलेच मित्र म्हणतात. एकेकाळी आपली मुले ऑर्कुटवर होती. ३० सप्टेंबर २०१४ ला गूगलने ऑर्कुट बंद केले. तिथल्या चर्चा आज कुठे आहेत? फेसबुकवर प्रचार जरूर करा. पण मूळ मजकूर स्वतःच्या घरात ठेवा.

आता पर्याय पाहू. द्रुपल २००१ पासून आहे. हजारो कागदपत्रांची वर्गवारी, अनेक भाषा, कोणाला काय करण्याचा अधिकार, हे ते फार चांगले सांभाळते. पण त्याला जाणकार माणूस कायम जवळ लागतो. जूमला २००५ चे, शिकायला मधले, मात्र आपल्या भागात ते येणारा माणूस शोधावा लागतो. ब्लॉगर फुकट आहे, त्यातून मजकूर बाहेरही काढता येतो, पण जागा गूगलची. रेडीमेड साइट बनवून देणाऱ्या अनेक सेवा दिसायला देखण्या, पण तिथली साइट जशीच्या तशी उचलून दुसरीकडे नेता येत नाही. हे तर भाड्याच्या खोलीला फरशी बसवण्यासारखे झाले.

म्हणून आम्ही वर्डप्रेस निवडले. तेही स्वतःच्या होस्टिंगवर टाकायचे. २००३ साली आलेल्या या सॉफ्टवेअरचा परवाना जीपीएल आहे: कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे. पॅनेल मराठीत मिळते. एकजण गेला तर दुसरा शिकणारा तालुक्यात सापडतो. आमच्यासाठी हाच सर्वात मोठा मुद्दा ठरला.

"वर्डप्रेस हॅक होते," हा आक्षेप खोटा नाही. पण बहुतेक वेळा दार उघडे राहते ते जुन्या, अपडेट न केलेल्या प्लगिनमुळे. प्लगिन मोजकेच ठेवा, अपडेट वेळेवर करा. आणि तिथेही मालकीचे राजकारण आहेच. २०२४ मध्ये वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मुलेनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यात वाद पेटला आणि त्या कंपनीच्या ग्राहकांचे अपडेट काही काळ अडले. पण त्यांच्या साइट त्यांच्याच राहिल्या, कारण सॉफ्टवेअर मुक्त होते. परवान्याला किंमत आहे ती यासाठी.

तेव्हा मित्रांनो, कोणतेही नाव निवडा, पण काही गोष्टी सोडू नका. डोमेन मंडळाच्या नावावर घ्या. पासवर्ड किमान तिघांकडे असू द्या, त्यात एक मुलगी असलीच पाहिजे. महिन्यातून एकदा मजकूर, फोटो आणि डेटाबेसची प्रत काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख जयंतीच्या वर्गणीच्या वहीत लिहा. जुनी पत्रके श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर युनिकोडमध्ये आणा, नाहीतर ती शोधणाऱ्याला सापडणार नाहीत.

डीजेवर एका रात्रीत जो खर्च होतो, त्यात असे संकेतस्थळ कित्येक वर्षे चालते. आमच्या गेलेल्या मुलाखती आता परत येणार नाहीत. तुमच्या गावात अजून बोलणारी माणसे असतील, तर रेकॉर्डिंग आजच सुरू करा, आणि चावी आपल्याच खिशात ठेवा.

जय भीम!