शुक्र-गुरूची भेट, गच्चीवरून

सध्या अधिक ज्येष्ठ चालू आहे, म्हणजे घरोघरी जावयांची सरबराई आणि अनारशांचे डबे. त्या गडबडीतही एक संध्याकाळ मोकळी ठेवा: ९ जून २०२६. सूर्य मावळल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघा. सगळ्यांत झगझगीत दिसेल तो शुक्र, आणि त्याच्या शेजारी जरा कमी तेजाचा, पण ठसठशीत, तो गुरू. दोघांमधलं अंतर साधारण दीड अंश. तीन पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवले तर मावतील, एवढंच.

‘इंदूरच्या आभाळात आता दिसतंय काय?’ असं आमचे बाबा नेहमी म्हणतात. विजयनगरच्या दिव्यांनी आकाशगंगा कधीच पुसून टाकली हे खरं. पण ग्रह चिवट आहेत. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे पाच ग्रह शहराच्या उजेडालाही पुरून उरतात. शुक्र तर रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहूनही दिसतो. ते शोधायचे सूर्य-चंद्राच्या वाटेवर, उत्तरेला ध्रुवाकडे नाही. आणि तारे लुकलुकतात, ग्रह सहसा स्थिर प्रकाश देतात. तारा इतका लांब की त्याचा नुसता बिंदू उरतो आणि हवेच्या हालचालीने तो थरथरतो. ग्रहाची छोटी का होईना, चकती असते. अर्थात क्षितिजाजवळ आला की ग्रहही थरथरतो, तिथे ही खूण वापरू नका.

मोबाइलवर अ‍ॅप आहेतच, माझ्याही आहेत. पण घरात खिळ्याला टांगलेलं पंचांग हे काम आधीपासून करतंय. कुठला ग्रह कोणत्या नक्षत्रात, हे त्यात छापलेलं असतं, आणि आपलं पंचांग निरयन असल्यामुळे ती नक्षत्रं बहुतेक खरोखर त्या त्या ताऱ्यांपाशी सापडतात. यंदा जूनच्या सुरुवातीला गुरू पुनर्वसूत आहे. पुनर्वसू म्हणजे जवळजवळ सारख्या तेजाचे दोन तारे, मिथुनेतली जोडी. ९ तारखेला गुरू-शुक्राच्या शेजारी ती जोडी दिसते का बघा. आमच्या धंद्यातही असंच असतं, सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि उघडून कोणी बघत नाही. पंचांग आपण उघडतो ते मुहूर्तासाठी, नाहीतर पत्रिका जुळवताना.

पत्रिकेवरून सांगतो. माझ्या एका चुलतबहिणीला मंगळ आहे. सात-आठ वर्षं स्थळं यायची, पत्रिकेपर्यंत पोचायची आणि परत जायची. उज्जैनला मंगळनाथावर भातपूजा झाली. मंगळाचं जन्मस्थान म्हणून देशभरातून लोक तिथे येतात, आम्हाला तर ते जेमतेम पंचावन्न किलोमीटर. जानेवारी २०२५ मध्ये मंगळ पृथ्वीपासून सुमारे ९.६ कोटी किलोमीटरवर होता, त्याच्या मानाने जवळ, आणि तोही याच पुनर्वसूच्या जोडीपाशी. एका रात्री तिला म्हटलं, ताई, वर चल. शाल गुंडाळून आली. मी बोट दाखवलं. निखाऱ्यासारखा तांबूस ठिपका. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “हाच? एवढासा?” काकू जिन्यातून जेवायला हाका मारत होती, तरी लवकर खाली आली नाही.

पत्रिका माना की मानू नका, हे मी सांगत नाही. आमच्याकडे तो विषय निघाला की ताटं थंड होतात. पण ज्याच्या नावाने एखाद्या मुलीला नकार कळवायचा, तो निदान आभाळात ओळखता यावा, असं मला वाटतं.

बघून खात्री करण्याची परंपरा माळव्यात जुनीच आहे. उज्जैनची वेधशाळा सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधली. पुढे ती मोडकळीला आली, ती १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. तिथले पहिले अधीक्षक आपले गोविंद सदाशिव आपटे. मुलांना उज्जैनला नेलंत तर महाकालानंतर तासभर तिथेही जा.

गुरू बघताना साधी दुर्बीणही चालेल. कठड्यावर कोपरं टेकून धरली, तर गुरूच्या दोन्ही बाजूंना बारीक ठिपके दिसतील. तेच ते चंद्र, जे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले. सगळे चार एकदम दिसतीलच असं नाही.

उरले शनी आणि मंगळ, त्यांच्यासाठी पहाटे उठावं लागेल: साडेचारच्या सुमारास पूर्वेला, शनी वर आणि मंगळ क्षितिजाकडे खाली. गच्चीवर झोपणाऱ्यांना हे सोपं आहे; शब-ए-मालवाचा गारवा अजून थोडाफार शिल्लक आहे. १७ जूनच्या संध्याकाळी चंद्रकोर शुक्राजवळ येईल, तीही चुकवू नका. पाऊस आला की मग सप्टेंबरपर्यंत काही खरं नाही.

बुधाचं मात्र गच्चीवरून अवघड आहे, समोरच्या इमारती आड येतात. १५ जूनच्या सुमारास तो सूर्यापासून सर्वांत लांब दिसेल, गुरू-शुक्राच्या खाली. त्या संध्याकाळी ढग नसले तर मी बिजासन टेकरीवर जाणार आहे. कोणाला यायचं असेल तर दुर्बीण आणा, नसेल तर सेव-परमल आणलेत तरी चालतील.