दुचाकीची धडधड आणि कानठळ्या

वर्धा, प्रतिनिधी - सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय यांमुळे वर्धा शहराच्या दोन्ही अंगांना रुग्णांची रीघ असते. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे तरुणाई आणि तिच्या दुचाकीही ओघानेच आल्या. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या परिसरात ध्वनिमर्यादा दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल एवढी आहे. पण रस्त्याने भरधाव जाणाऱ्या एखाद्याच बुलेटमुळे खाटेवरचा रुग्ण दचकून उठतो आणि तिच्यामागून जाणारी दुसरी, तेवढ्याच शक्तीची बुलेट कुणाच्या ध्यानातही येत नाही. असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय कारवाई कुणावर करायची, हेही ठरत नाही.

मुळात हा आवाज स्फोटापेक्षा सुटकेचा आहे. सिलिंडरमधील इंधन जळून पिस्टन खाली गेला, तरी आतील वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. अशा वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला, की तो वायू धक्क्यासरशी बाहेर पडतो आणि दाबाची एक लाट नळीतून वेगाने धावत सुटते. ही लाट तशीच बाहेर आली, तर बंदुकीच्या बारासारखी वाजते. सायलेन्सरचे काम तिला आतच थोपवण्याचे.

चारस्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा हा धक्का बसतो. जुनी बुलेट उभ्याउभ्या मिनिटाला सुमारे हजार फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला जेमतेम आठ धक्के होतात. कानाला ते सुटे सुटे ऐकू येतात. तीच ती प्रसिद्ध धडधड. उलट पल्सरचे इंजिन आठ हजार फेऱ्यांवर गेले, की सेकंदाला ६६ धक्के होतात आणि ते एकमेकांत मिसळून एकच सूर लागतो. (ज्या जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे गांधीजी वर्ध्यात आले, त्यांच्याच घराण्याच्या कंपनीने २००१ मध्ये ही गाडी बाजारात आणली.) १९८५ साली आलेली यामाहा आरएक्स १०० टूस्ट्रोक असल्याने तिच्यात प्रत्येक फेरीला धक्का बसतो, शिवाय पिस्टन सरकताच एक्झॉस्टचे तोंड झटकन उघडते. म्हणून अवघ्या ९८ सीसीची ती गाडी इतकी कर्कश वाटते. थोडक्यात, इंजिनाची घडण आवाजाचा पोत ठरवते. तो किती मोठा होणार, हे बव्हंशी सायलेन्सरच्या हाती असते.

कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे, भोके पाडलेल्या नळ्या आणि आडव्या पत्र्यांची रचना असते. लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना पसरते, मागे परतते आणि पुढून येणाऱ्या लाटेवर आदळून क्षीण होते. काही सायलेन्सरमध्ये काचेच्या तंतूंचा थर असतो, तो विशेषतः तीक्ष्ण ध्वनी शोषून घेतो. धूर स्वच्छ करण्यासाठी बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळेही आवाज थोडा मंदावतो. गॅरेजमध्ये ही आतली जाळी काढून टाकली किंवा ‘इंदौरी’ अथवा ‘पंजाब’ नावाने खपणारे सरळ नळकांडे बसवले, की लाटेच्या वाटेत अडसर उरत नाही. जाड धडधडीबरोबर एरवी गाळले जाणारे तीक्ष्ण ध्वनीही सुटतात. माणसाचा कान सर्वाधिक तिखट असतो तो सेकंदाला दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात. त्यामुळे त्या पट्ट्यात भर पडली, की आवाज केवळ मोठा न राहता बोचरा होतो.

येथे एक अन्यायही घडू शकतो. देवळी, सेलू किंवा आर्वीकडून रोज येणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याच्या जुन्या गाडीचा बेंड पाइप गंजून फुटला किंवा जोडावरचे गॅस्केट जळाले, तरी ती अशीच फडफडते. त्याला दुरुस्तीची गरज आहे. आर्वी नाक्यावर मुद्दाम फटाके फोडत जाणाऱ्या हौशी वीराच्या पंक्तीला त्याला बसवणे बरे नव्हे.

हे फटाके तर सायलेन्सरच्या बांधणीचाही भाग नाहीत. धावत्या गाडीचे इग्निशन क्षणभर बंद केले जाते. त्या वेळात न जळलेले इंधन तप्त नळीत साचते आणि बटण पुन्हा सुरू होताच तेथेच भडका उडतो. हा शुद्ध हातचा उद्योग आहे.

कायदा या बाबतीत दुबळा नाही. २००५ पासून दुचाकींसाठी कारखान्यातील चाचणीची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, १७५ सीसीपर्यंत ७७ आणि त्यापुढे ८० डेसिबल अशी आहे. ही मोजणी धावत्या गाडीपासून साडेसात मीटरवर होते. डेसिबलचा हिशेब मात्र साध्या बेरजेचा नाही. दहाची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट आणि कानाला जवळपास दुप्पट आवाज. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनिमर्यादा मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय परवानाही तीन महिने जातो. गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला वेगळी शिक्षा आहे. सुधारित सायलेन्सरच्या गोंगाटाची दखल अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून घेतली होती.

अडचण आहे ती मोजणीची. कारखान्यातून बाहेर पडल्यावर गाडीचा आवाज सहसा कुणीच मोजत नाही. पीयूसी केंद्रात धूर तपासतात, आवाज नाही. चौकातला पोलिस कानाच्या अंदाजावर गाडी अडवतो. नागपूर, पुण्यासह अनेक शहरांत जप्त सायलेन्सरवर रोडरोलर फिरवले गेले. छायाचित्रे झकास आली, पण तशी नळकांडी विकणाऱ्या आणि बसवणाऱ्या दुकानांची शटर उघडीच राहिली. वास्तविक उभ्या गाडीचा आवाज मोजण्याची भारतीय मानक पद्धत उपलब्ध आहे. सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मायक्रोफोन धरून इंजिन ठरावीक फेऱ्यांवर चालवायचे, एवढेच. पीयूसी केंद्राला ध्वनिमापक दिला, तर हे काम काही मिनिटांत होईल. बुलेटची मूळ धडधड, शेतकऱ्याचा फुटका बेंड आणि पोकळ नळकांडे यांची निवडही तेथल्या तेथे करता येईल.