टाकीचा तळ उघडाच ठेवा

घरात प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची ठरली, की लवकरच तळाचा प्रश्न येतो. वाळू पसरायची, की काच तशीच उघडी ठेवायची? पांढऱ्या वाळूने टाकी उजळते, उघडी काच ओकीबोकी वाटते, म्हणून बहुतेकांचा कौल वाळूला मिळतो. पण हा प्रश्न दिसण्यापुरता नाही. टाकीतली घाण साठू द्यायची की वेळच्या वेळी बाहेर काढायची, हे त्यातून ठरते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात उन्हाळा दमट आणि पावसाळ्यातली वीज बेभरवशाची. इथल्या घरगुती टाकीचा तळ उघडाच असावा, असे माझे ठाम मत आहे.

वाळूच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे भक्कम शास्त्रीय आधार आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजून अमोनिया तयार होतो. वाळूच्या वरच्या थरातले जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, आणि खालच्या, प्राणवायू जवळजवळ नसलेल्या थरातले जिवाणू नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून तो पाण्याबाहेर घालवतात. याच आधारावर १९९०च्या दशकात अमेरिकेत रॉन शिमेक यांनी दहा-पंधरा सेंटिमीटर जाडीच्या वाळूचा हिरिरीने पुरस्कार केला. पण या वाटेने फक्त नायट्रोजन बाहेर पडतो. फॉस्फेटचा वायू होऊन उडून जात नाही; ते चुनखडीच्या कणांना चिकटून बसते आणि पुढे पुन्हा पाण्यात उतरू लागते. सेंद्रिय गाळही कणांच्या फटींत मुरत राहतो. म्हणजे वाळू घाण संपवते त्याहून जास्त ती उधारीवर ठेवते. बर्लिनच्या हौशी मत्स्यपालकांनी रुळवलेली पद्धत याच्या उलट आहे: जिवंत खडक (जिवाणू वसलेले सच्छिद्र दगड), जोरदार प्रवाह आणि फेसाबरोबर घाण वेगळी करणारा प्रोटीन स्किमर. तळ उघडा असला की गाळ डोळ्यांना दिसतो आणि कुजण्याआधीच नळीने ओढून काढता येतो.

ही उधारी नेमकी कधी फेडावी लागते, हे रायगडकरांना वेगळे सांगायला नको. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पंप थांबला तरी वाळूतले जिवाणू आणि किडे प्राणवायू घेणे थांबवत नाहीत. साठ बाय चाळीस सेंटिमीटरच्या टाकीत दहा सेंटिमीटर वाळू म्हणजे चोवीस लिटर, वजनाने सुमारे पस्तीस किलो, आणि तिच्यातला प्रत्येक कण जिवाणूंनी लिंपलेला. त्यात पाणी २४ अंशांवरून ३० अंशांवर गेले, तर त्यात मावणारा प्राणवायू सुमारे एक दशांशाने घटतो. वरचे पाणी हलत नसले की प्राणवायूविना असलेला थर वर सरकत जातो, आणि जुन्या, गाळ मुरलेल्या वाळूत विषारी हायड्रोजन सल्फाइडचा धोका वाढतो. यावर कोणी म्हणेल, की उघड्या तळाची टाकी तर पंप आणि स्किमरवर जास्तच विसंबून असते. रोजच्या दिवसांत हे खरे आहे, आणि तो खर्च धरूनच टाकी घ्यावी. पण वीज जाते तेव्हा हिशेब बदलतो. उघड्या तळाच्या टाकीत प्राणवायूची मागणी कमी असते, म्हणून बॅटरीवरचा साधा हवेचा पंप तिला बराच वेळ तारू शकतो.

दुसरा आक्षेप निसर्गाचा दाखला देतो: समुद्राला वाळूचा तळ असतो, मग टाकीला का नको? समुद्रात ती वाळू सतत उपसणारे, चाळणारे असंख्य जीव असतात. त्यांतल्या समुद्रकाकड्या आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि खडक रचणारे दगडी प्रवाळही. त्यांना आपल्या समुद्रातून उचलून घरी आणणे हा गुन्हा आहे. शिवाय प्रवाळाची अळी रुजते ती कठीण पृष्ठभागावर, सरकत्या वाळूत नव्हे. चुनखडीची वाळू पाण्याचा सामू सांभाळते, हा दावाही फारसा टिकत नाही; प्रवाळांना मानवणाऱ्या ८.१ ते ८.४ सामूला ती जवळजवळ विरघळतच नाही. वाळूत पुरून झोपणारे मासे पाळायचे असतील, तर मात्र वाळू हवीच. त्यांच्यासाठी एक पसरट भांडे भरून ठेवावे आणि ते अधूनमधून बाहेर काढून धुवावे. त्यासाठी सगळा तळ झाकण्याचे कारण नाही.

वाळूचा आग्रह आणखी एका कारणाने महाग पडतो. बाजारातली प्रवाळी वाळू परवडत नाही म्हणून पुळणीवरून घमेलेभर आणू, हा विचार किनाऱ्यावर राहणाऱ्याला सहज सुचतो. ती वाळू टाकीच्या कामाची नाही. आपल्या पुळणींवर काळ्या कातळाची झीज, लोहयुक्त खनिजे आणि बारीक गाळ मिसळलेला असतो, आणि पावसाळ्यात लाटांबरोबर डांबराचे गोळेही येतात. सागरी किनारा नियमन अधिसूचनेने किनारपट्टीतून वाळू आणि खडक काढण्यावर निर्बंध घातले आहेत. एका घमेल्याने काय होणार, असे प्रत्येकाला वाटते. पण रेती उपशाने खचलेल्या खाड्यांच्या जिल्ह्यात हा युक्तिवाद कोणीही करू नये. आक्षीच्या पुळणीवर उतरणारे पाहुणे पक्षी याच वाळूतल्या किड्यांवर जगतात. दिवेआगर, हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले कासवे याच वाळूत अंडी घालतात. त्या वाळूला तिथे काम आहे.

म्हणून नवख्या माणसाला टाकी विकताना दुकानदाराने आधी वाळूची पिशवी पुढे करू नये. चांगला स्किमर, प्रवाहाचा पंप आणि बॅटरीवरचा हवेचा पंप दाखवावा. घेणाऱ्यानेही वाळूचे पैसे त्यात घालावेत. उघडी काच पहिले काही महिने रुक्ष दिसते हे खरे, पण पुढे तिच्यावर गुलाबी-जांभळे चुनखडी शेवाळ चढते. तोवर धीर धरणे हा या छंदाचा भागच आहे. ज्यांना हा धीर नाही, वीज गेल्यावर काय करायचे याची तयारी नाही, त्यांनी प्रवाळ पाळूच नयेत. जीव घरात आणायचा, तर त्याच्या वाईटातल्या वाईट दिवसाचा विचार आधी करायला हवा, आणि त्या दिवशी उघडा तळच त्याला जगण्याची जास्त संधी देतो.