कर्करोगावरील संशोधन कोणाच्या मालकीचे?

झाशी शहराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. नेवाळकरांच्या राजवटीत तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही त्या शहरात नांदत आहेत. पण १८५७ च्या शौर्याचे पोवाडे गाणाऱ्यांनी आजच्या झाशीच्या रेल्वे फलाटावरही एकदा नजर टाकावी. मुंबईकडे निघालेल्या पंजाब मेलच्या साध्या डब्यात गळ्याभोवती फडके गुंडाळलेला, तोंड धड उघडता न येणारा एखादा मजूर आणि त्याच्याबरोबर जमीन वा दागिना गहाण टाकून आलेली त्याची बायको हे दृश्य तेथे नवलाचे नाही. सुमारे अकराशे किलोमीटरचा प्रवास करून ही माणसे परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या पायरीशी पोचतात.

बुंदेलखंडच्या जंगलांत तेंदूची पाने तोडली जातात आणि गावोगावी, मुख्यतः स्त्रियांच्या हातांनी, विड्या वळल्या जातात. शेजारच्या कानपुरात पानमसाल्याचे कारखाने आहेत. उत्तर प्रदेश सरकारने २०१३ साली गुटख्यावर बंदी घातली. कारखानदारांनी मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी केली, आणि बंदीचा कागद कागदच राहिला. भारतीय पुरुषांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर असल्याचे कारण येथे आहे. डॉ. व. रा. खानोलकर यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांचा अभ्यास १९४४ साली प्रसिद्ध केला होता. ऐंशी वर्षे उलटली, तरी पुड्यांच्या माळा प्रत्येक टपरीवर लटकतच आहेत.

झाशीत शास्त्राचा दुष्काळ आहे असेही नाही. तेथे १९६८ साली स्थापन झालेले महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९७५ साली स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ आहे आणि केंद्र सरकारची आयुर्वेद संशोधन संस्थाही आहे. देशातील शेकडो विद्यापीठांप्रमाणे येथेही वनस्पतींतील औषधी द्रव्ये शोधण्याची विद्या शिकवली जाते. मग एकाच शहरातील प्रयोगशाळा आणि रुग्णशय्या यांच्यात एवढे अंतर का? ज्या जंगलातील पाने शास्त्रज्ञाच्या परीक्षानळीत येतात, त्याच जंगलातील मजुराला त्या शास्त्राचा लाभ का मिळत नाही?

पहिले उत्तर आणि त्यातील असत्य

भांडवलदारी अर्थशास्त्राचे भाट या प्रश्नाचे उत्तर तयार ठेवूनच बसलेले असतात. ते म्हणतात, नवे औषध शोधणे हे जोखमीचे व खर्चाचे काम आहे. ते खाजगी कंपन्याच करू शकतात. त्यासाठी त्यांना पेटंटची मक्तेदारी आणि मनाजोगी किंमत दिलीच पाहिजे. हे उत्तर इतक्या वेळा दिले गेले आहे की पुष्कळ सुशिक्षितांना ते सृष्टिनियमासारखे वाटू लागले आहे. कर्करोगावरील औषधांचा इतिहास मात्र नेमकी उलट साक्ष देतो.

टॅक्सॉल या औषधाचे उदाहरण घ्या. स्तनाच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर जगभर वापरले जाणारे हे द्रव्य पॅसिफिक यू नावाच्या वृक्षाच्या सालीतून निघाले. ती साल १९६२ साली अमेरिकेच्या सरकारी कृषिखात्यातील वनस्पतिशास्त्रज्ञाने गोळा केली. तिच्यातील द्रव्य वेगळे करून त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध करणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांत मन्रो वॉल यांच्याबरोबर मनसुख वाणी होते. हे वाणी महाराष्ट्रातील नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठात शिकलेले. ज्या संस्थेत हे काम झाले ती नफ्यासाठी चालणारी नव्हती आणि पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा, म्हणजे करदात्या जनतेचा होता.

पुढे काय झाले? १९९१ साली करार होऊन हे सर्व संशोधन ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीच्या पदरात पडले आणि १९९२ च्या अखेरीस औषध बाजारात आले. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ साली हिशेब मांडला, तो असा: या द्रव्यावरील संशोधनासाठी सरकारी संस्थांनी २००२ पर्यंत ४८ कोटी ४० लाख डॉलर खर्च केले, त्याच काळापर्यंत कंपनीने ९०० कोटी डॉलरहून अधिक विक्री केली, आणि सरकारी तिजोरीत स्वामित्वधन म्हणून परत आले अवघे साडेतीन कोटी डॉलर. शास्त्रज्ञांनी ठेवलेले ‘टॅक्सॉल’ हे नावसुद्धा कंपनीने आपले व्यापारचिन्ह म्हणून नोंदवून घेतले. जोखीम जनतेची, नफा मक्तेदाराचा, हाच ‘खाजगी उपक्रमशीलते’चा खरा अर्थ आहे.

याच वॉल-वाणी जोडीने १९६६ साली चीनमधील एका वृक्षातून कॅम्प्टोथेसिन शोधून काढले. सह्याद्रीतील ‘नरक्या’ या झाडात हेच द्रव्य असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन या मुंबईत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले. त्यापासून बनणारी औषधे आतड्याच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या कर्करोगावर वापरली जातात. सह्याद्रीच्या वाट्याला काय आले? नरक्याची बेसुमार चोरटी तोड. झाड तोडणाऱ्याला मजुरी मिळाली, पकडला गेला तर खटलाही त्याच्यावरच. द्रव्याचा नफा समुद्रापार गेला.

तोडलेली साखळी

या लुटीला पर्याय नव्हता काय? होता, आणि तो याच देशात उभा राहिला होता. झाशीच्याच राज्यात, लखनौला, १९५१ साली केंद्रीय औषध संशोधन संस्था स्थापन झाली. भारतीय वनस्पतींची जैविक गुणांसाठी पद्धतशीर छाननी तिने हाती घेतली आणि त्याचा पहिला मोठा अहवाल १९६८ साली प्रसिद्ध झाला. याच संस्थेने सेंटक्रोमन ही संततिनियमनाची गोळी शोधली. सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान लॅटेक्सने ती ‘सहेली’ या नावाने १९९१ पासून स्त्रियांच्या हाती दिली. शोध सार्वजनिक, चाचणी सार्वजनिक, उत्पादन सार्वजनिक. ही साखळी जोडली गेली तेव्हा परदेशी कंपनीच्या दारात उभे राहावे लागले नाही.

पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ सालचा. तेथे औषधे तर बनलीच, पण हॅमायसिनसारखे नवे बुरशीनाशक द्रव्यही तेथील संशोधकांनी शोधून काढले. सोव्हिएत साहाय्याने इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स १९६१ साली उभी राहिली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरील मक्तेदारी नाकारली आणि भारतीय कारखान्यांना वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध स्वस्तात बनवण्याची मुभा दिली. १९७५ च्या हाथी समितीने सार्वजनिक क्षेत्राला औषधनिर्मितीत अग्रस्थान देण्याचा मार्ग दाखवला.

राज्यकर्त्या वर्गाने ही साखळी एकेक कडी काढून मोडली. जागतिक व्यापार संघटनेपुढे मान तुकवून २००५ साली पदार्थाचे पेटंट परत आणले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडियन ड्रग्ज बंद करण्याचा आणि हिंदुस्थान अँटिबायोटिक्स विकून टाकण्याचा निर्णय घेतला. कारखान्यांची किंमत उरली ती त्यांच्या जमिनीपुरती!

आता झाशीतील संशोधक विद्यार्थ्याने एखाद्या पाल्यात कर्करोगाच्या पेशींना मारक द्रव्य शोधले, तर ते घेऊन त्याने जायचे कोठे? प्राण्यांवरील चाचण्या, विषारीपणाची तपासणी, शुद्ध उत्पादन आणि मग माणसांवरील तीन टप्प्यांच्या चाचण्या, हा मार्ग वर्षानुवर्षांचा आहे. तो चालण्यासाठी सार्वजनिक यंत्रणा हवी. ती नसल्यामुळे शोध निबंधापर्यंत येतो आणि तेथेच थांबतो. निबंधांच्या संख्येवर बढती ठरवणाऱ्या व्यवस्थेला याची खंत नाही. शिष्यवृत्तीसाठी महिनोन्महिने ताटकळणारा विद्यार्थी या प्रकरणात गुन्हेगार नसून स्वतःच बळी आहे.

दुसरे उत्तर: प्राचीनतेचा बाजार

प्रयोगशाळा व रुग्ण यांच्यातील ही पोकळी दुसऱ्याच मंडळींनी भरून काढली आहे. प्राचीन ज्ञानात सर्व रोगांवर इलाज आहेत, गोमूत्राने कर्करोग बरा होतो, अमुक काढ्याने गाठ विरघळते, असे सांगणाऱ्यांना राजकीय आश्रय मिळतो. त्यांच्या हाती विद्यापीठातला एखादा निबंध लागला की ‘शास्त्रानेही सिद्ध केले’ अशी जाहिरात होते.

येथे प्रत्येक कार्यकर्त्याने एक गोष्ट पक्की समजून घेतली पाहिजे. काचेच्या बशीतील पेशी मरणे म्हणजे रुग्ण बरा होणे नव्हे. बशीतील पेशी आम्लाने मरते, तीव्र मिठानेही मरते. औषध तेच, जे शरीरात पोचून रोगट पेशी मारते आणि निरोगी पेशींना जगू देते. वनस्पतींत अशी द्रव्ये आहेत हे खरे. अंगणातील सदाफुलीपासून मिळणाऱ्या व्हिन्क्रिस्टिनने रक्ताच्या कर्करोगाची असंख्य मुले वाचवली. परंतु एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिनसाठी सुमारे अर्धा टन वाळलेली पाने लागतात. ते शुद्ध करावे लागते, मोजून द्यावे लागते, नसेतून द्यावे लागते. सदाफुलीचा काढा पाजणारा माणूस मुलाला औषध देत नाही, त्याचे उपचाराचे दिवस खातो. काढ्याच्या भरवशावर सहा महिने घालवलेला झाशीचा मजूर जेव्हा गाडीत बसतो, तेव्हा पुष्कळदा वेळ टळून गेलेली असते.

मक्तेदार आणि बुवा हे वरवर एकमेकांचे विरोधक दिसतात. वस्तुतः ते एकमेकांचे भागीदार आहेत. एकाने औषध आवाक्याबाहेर नेले की दुसऱ्याचे दुकान चालते.

जनतेचे संशोधन कसे असते

संशोधन जनतेसाठी असले म्हणजे प्रश्नच वेगळे विचारले जातात. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागवणारे नवे औषध अतिशय महाग आहे. टाटा स्मारकातील डॉक्टरांनी विचारले, एवढी मात्रा खरोखरच लागते का? नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम; त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले, तेही स्वस्त गोळ्यांच्या जोडीने. डोके व मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या, म्हणजे पुष्कळ अंशी तंबाखूने ग्रासलेल्या रुग्णांत, केवळ गोळ्यांवर एक वर्ष जगणारे शेकडा १६ होते. ही अल्प मात्रा मिळालेल्यांत ते शेकडा ४३ झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी कोणती कंपनी करील? आपलाच माल कमी खपावा म्हणून कोणता मक्तेदार पैसा ओतील?

किंमतीचेही तसेच. यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हार हे औषध बायर कंपनी महिना सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना विकत होती. मार्च २०१२ मध्ये सक्तीचा परवाना दिला गेला आणि भारतीय कंपनीने तेच औषध ८,८८० रुपयांत दिले. त्यानंतर असा दुसरा परवाना देण्याचे धैर्य एकाही सरकारला झालेले नाही. २००५ साली डाव्या पक्षांनी संसदेत दिलेल्या लढतीमुळे कडक झालेल्या कलम ३(ड) च्या आधारे १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा ग्लिव्हेकवरील पेटंटचा दावा फेटाळला. राष्ट्रीय कर्करोग जाळ्यातील रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्र खरेदी केली, तेव्हा खर्चात सुमारे ८२ टक्के बचत झाली. या प्रत्येक ठिकाणी मक्तेदाराची किंमत ही निसर्गाची देणगी नसून तिला हात घालता येतो, हे सिद्ध झाले.

रुग्णाच्याच पेशींना कर्करोगाशी लढायला शिकवणारी उपचारपद्धती मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने व टाटा स्मारकाने विकसित केली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली. परदेशी किंमतीच्या तुलनेत ती फार स्वस्त आहे, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण लाखो रुपयांचा हा उपचार विडी कामगाराच्या आवाक्यात नाही आणि सार्वजनिक संस्थांत जन्मलेले हे तंत्रज्ञान विकत आहे ती खाजगी कंपनी. जनतेच्या पैशाने लागलेल्या शोधावर जनतेचा हक्क कोठे थांबतो, हा प्रश्न येथेही उभा आहेच.

लढ्याची दिशा

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. सार्वजनिक पैशातून निघालेल्या प्रत्येक औषधाची किंमत सरकारने ठरवावी आणि त्याचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात व्हावे. पिंपरीचा कारखाना विकण्याचा डाव हाणून पाडावा आणि बंद पाडलेले कारखाने पुन्हा सुरू करावेत. कर्करोगाच्या महाग औषधांवर सक्तीचे परवाने द्यावेत. झाशीसारख्या जिल्ह्यांतील वैद्यकीय महाविद्यालये व विद्यापीठे लखनौच्या आणि मुंबईच्या संस्थांशी जोडून चाचण्यांचे जाळे उभारावे. विडी कामगारांची व तंबाखू खाणाऱ्यांची तोंडतपासणी त्यांच्या वस्तीत, मोफत व्हावी. आणि विडीउद्योगातून बाहेर पडणाऱ्या स्त्रियांना पर्यायी रोजगार मिळावा.

हे काम केवळ डॉक्टरांचे नाही. विडी कामगारांच्या, रेल्वे कामगारांच्या आणि औषधविक्री प्रतिनिधींच्या संघटना, विद्यार्थी आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते यांनी मिळून ते अंगावर घेतले पाहिजे. नंदुरबारच्या शास्त्रज्ञाने शोधलेले औषध नंदुरबारच्या आदिवासी स्त्रीला आणि झाशीच्या मजुराच्या बायकोला तिच्या जिल्ह्याच्या रुग्णालयात विनामूल्य मिळेल, त्या दिवशीच विज्ञान खऱ्या अर्थाने जनतेचे झाले असे म्हणता येईल.