उतरली, पण जपली का?

आपल्याकडचे संगणकशास्त्राचे विद्यार्थी हौसेने मोबाईल ॲप तयार करतात, ही कौतुकाची गोष्ट आहे. प्रात्यक्षिकाच्या दिवशी प्रयोगशाळेतील वायफायवर सर्व्हरवरची फाइल क्षणात उतरते, पडद्यावर ‘पूर्ण’ असे झळकते आणि गुण पदरात पडतात. पण तेच ॲप घेऊन गावाकडच्या बसमध्ये बसावे. निम्मी फाइल उतरते, रेंज जाते. रेंज परतली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न! दिवसाचा डेटा संपतो आणि नोट्स हाती लागत नाहीत.

याचा दोष रेंजला देऊन भागणार नाही. तुटलेली फाइल तिथूनच पुढे मागण्याची सोय १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून आहे. गंमत म्हणजे त्या हेडरचे नावही ‘रेंज’च! कितव्या बाइटपासून हवे ते त्यात सांगावे. सर्व्हरने २०६ हा संकेत दिला तर उरलेला भाग जोडावा. २०० आला तर फाइल मुळापासून येत आहे, ती जुन्या तुकड्याला जोडू नये.

फाइल उतरणे वेगळे आणि जपली जाणे वेगळे. फाइल आधी तात्पुरत्या नावाने लिहावी, लांबी तपासावी आणि मगच तिला खरे नाव द्यावे; नाहीतर अर्धवट पीडीएफ पुरी म्हणून मिरवते. जागाही विचाराने निवडावी. कॅशमधील फाइल जागा कमी पडताच यंत्रणा पुसू शकते. अँड्रॉइडवर ॲपच्या खासगी फोल्डरमधील फाइल ॲपबरोबरच जाते. म्हणून विद्यार्थ्याला जे कायम हवे, ते ‘डाउनलोड्स’मध्ये ठेवावे.

एवढ्याशा प्रकल्पात हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. पण अँड्रॉइडमध्ये २०१० पासून डाउनलोड मॅनेजर आहे. जोडणी तुटल्यास पुन्हा प्रयत्न करण्याचे काम तो स्वतःच करतो. तेव्हा अडचण कष्टांची नाही, आस्थेची आहे. ज्याच्या रिचार्जवर आपले ॲप चालते, तो आपल्याच बाकावरचा मित्र असतो.

म्हणून प्राध्यापकांना एक नम्र विनंती : प्रात्यक्षिकात फाइल निम्मी उतरली की वायफाय बंद करावे. पुन्हा चालू केल्यावर ती तिथूनच पुढे गेली आणि नीट उघडली, तरच गुण द्यावेत.