पोत्यावरचे २० टक्के

रोज सकाळी साडेसातच्या सुमारास माझ्या फोनवर एक मेसेज येतो. लिटर २२.४, फॅट ३.६, एसएनएफ ८.२, दर अमुक, रक्कम तमुक. संध्याकाळी तसाच दुसरा. घर संगमनेर तालुक्यात, दावणीला तीन संकरित गायी. धारा आई काढते, कॅन डेअरीवर दादा नेतात. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून मेसेज माझ्या नंबरवर. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना मला आमच्या गायींचा एसएनएफ कळतो.

गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो. एसएनएफ म्हणजे दुधातलं पाणी आणि फॅट सोडून उरलेलं सगळं. त्यात एक पॉइंट खाली गेला की पैसे कापले जातात, आणि पॉइंट म्हणजे ०.१. मशीनमध्ये वाटीभर दूध जातं, मिनिटभरात आकडा येतो, पावती फाटते. वाद घालायला जागा नाही. माझी त्याबद्दल तक्रारही नाही. मोजून घ्या, जरूर घ्या.

पण त्याच डेअरीच्या दुसऱ्या काउंटरवर गोळी पेंडीची पोती विकायला असतात. पन्नास किलोचं पोतं, उधारीवर मिळतं, पैसे दुधाच्या बिलातून कापतात. पोत्यावर छापलेलं असतं: प्रथिनं किमान २० टक्के. ते तिथे कोण मोजतं? कोणीच नाही. आम्ही विकतो ते दशांशापर्यंत तपासलं जातं आणि आम्ही विकत घेतो ते छापील शब्दावर. दूध उत्पादनाच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा पशुखाद्याचा असतो, हे लक्षात घ्या आणि मग या व्यवहाराकडे पुन्हा बघा.

गेल्या वर्षी आमच्याकडे नवीन लॉटची पोती आली आणि आठवड्याभरात एसएनएफ ८.५ वरून ८.१ ला आला. विकणारा म्हणाला, हवामान. मग म्हणाला, गायी जुन्या झाल्या. शेवटी म्हणाला, पेंड थोडी वाढवून बघा. हा सल्ला मला फार आवडला! मी मूठभर पेंड पिशवीत भरून पुण्याला आणली आणि पैसे भरून तपासून घेतली. रिपोर्ट आला: प्रथिनं २०.४ टक्के. पास.

तेव्हा मी पहिल्यांदा वाचलं की हा आकडा येतो कसा. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत योहान केल्डाल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने बिअरच्या धान्यातली प्रथिनं मोजायची पद्धत काढली. ती प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते. प्रथिनांत साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं. याला म्हणतात क्रूड प्रोटीन. जगभर आजही हाच हिशोब चालतो.

आता युरिया घ्या. शेतात टाकतो तोच, ४६ टक्के नायट्रोजन. ६.२५ ने गुणा: २८७ टक्क्यांच्या वर 'प्रथिनं'. शंभर किलो पेंडीत एक किलो युरिया मिसळला की सतरा टक्क्यांचा माल जवळपास वीसला पोचतो. प्रथिनाचा एक कणही न वाढवता.

इथे प्रामाणिक राहायला हवं. गायीला थोडा युरिया चालतो. तिच्या पोटातले जंतू त्याच्यापासून प्रथिनं बनवतात, म्हणून मानकातही एक टक्क्यापर्यंत मुभा आहे. पण त्या जंतूंना सोबत ऊर्जा लागते, म्हणजे मका, मळी, काहीतरी पचणारं. पोत्यात धान्याऐवजी भुस्सा आणि टरफलं भरली असतील तर ते काम होत नाही. ऊर्जा कमी पडली की पहिल्यांदा घसरतो तो एसएनएफ. मग शेतकरी पेंड वाढवतो आणि चारा कमी करतो, तंतू कमी पडून पोटात आम्लता वाढते आणि फॅटही खाली येतं. दोन्हीकडून कापणी. आमच्या पोत्यात युरिया होता असं मी म्हणत नाही. मला ते सांगता येत नाही, कारण मी पैसे भरलेल्या तपासणीत तो मोजलाच नव्हता. पोतं पास झालं, गाय नापास झाली, आणि दोन्हीचं बिल आम्ही भरलं.

नायट्रोजनवर आंधळा विश्वास ठेवला की काय होतं ते २००८ साली चीनमध्ये दिसलं. दुधात पाणी घालून वर मेलामाइन टाकलं गेलं, ज्यात वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. आकडा बरोबर आला. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली.

ऑफिसात हे सांगितलं की दोन उत्तरं येतात. पहिलं: शेतकरीच भेसळ करतात ना. या मित्रांना मी २०१८ सालच्या देशव्यापी दूध सर्वेक्षणाची आठवण करून देतो. ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये अफ्लाटॉक्सिन एम१ मर्यादेबाहेर सापडलं. ते कोणी कॅनमध्ये ओतत नाही. दमट पेंडीवर, सरकीवर, चाऱ्यावर बुरशी येते, गाय ते खाते, विष दुधात उतरतं आणि उकळून जात नाही. म्हणजे पोत्यात काय आहे हा तुमच्या चहाचाही प्रश्न आहे. व्यावसायिक पशुखाद्याला भारतीय मानक सक्तीचं करायचं २०२० च्या सुमारास ठरलं, आणि मग तारखा पुढे पुढे जात राहिल्या.

दुसरं उत्तर आमच्या धंद्यातलं लाडकं: अ‍ॅप बनव. बनवलं. शनिवार-रविवार बसून आहार संतुलनाचं गणित लिहिलं. वजन, दूध, वेताचा महिना टाका, किती पेंड किती मुरघास ते सांगतं. एनडीडीबीचं तसं आधीपासून आहेच आणि माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण त्यात पेंडीच्या रकान्यात मी काय भरू? पोत्यावरचे २० टक्के. तोच आकडा खोटा किंवा अर्धा असेल तर खालचं सगळं गणित दोन दशांशांपर्यंत अचूक चुकतं. शेतकऱ्याला शास्त्र कळत नाही असं म्हणणाऱ्या तज्ज्ञांनी आधी त्याला खरा इनपुट द्यावा.

काही अवघड मागत नाही. पोत्यावर घटक टक्केवारीने छापा. युरिया किती, पचणारी ऊर्जा किती, लॉट नंबर काय ते लिहा. आणि दूध मोजता तसं पोतंही आमच्यासमोर मोजा. अवरक्त किरणांनी खाद्य काही मिनिटांत तपासणारी यंत्रं खाद्य कारखान्यांत कच्चा माल घेताना वापरतात. मका विकणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून ती तिथे आहेत. तालुक्याला एक बसवायला कोणाची हरकत आहे? महाग आहे म्हणाल, तर दुधाची मशीनं गावोगाव कशी परवडली?

संस्थेची वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे. ठराव मी टाइप करून पाठवलाय, सूचक म्हणून दादांची सही आहे. अनुमोदक म्हणून ते गेल्या पंधरा दिवसांत चौघांकडे गेले. चौघांनीही वाचला, बरोबर आहे म्हणाले, चहा पाजला. सही कोणी केली नाही. चौघांचीही पेंडीची उधारी त्याच काउंटरवर आहे.